पूर्व किलमोराचे दोन मेहुणे

जेद्दा, ९ ऑक्टोबर

तौकीर,

हे पत्र शेजारची नूरैन तुझ्या हातात देईल. तिला बजावलंय की तुझ्या बायकोकडे, झेबाकडे द्यायचं नाही, अम्माकडे तर मुळीच नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, तेव्हा कागदच उरला. वाचायचं नसेल तर नूरैनच्या समोर फाड, म्हणजे निदान मला कळेल तरी.

अम्मा उमऱ्याला येतेय आणि तू तिच्या सोबत, हे मला नूरैनच्या आईने फोनवर सांगितलं. सख्खी लेक जेद्दात राहते आणि बातमी शेजारीण देते! तुमचा बेतही कळला. जेद्दाच्या विमानतळावर उतरायचं, तडक मक्का, मग मदिना, शेवटी एक रात्र जेद्दाच्याच हॉटेलात आणि परत. माझ्या बिल्डिंगवरून तुमची बस जाणार. मी काय, गच्चीतून ओढणी हलवायची?

तौकीर, मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे. तुला पोहायला मी शिकवलं, खाडीत ढकलून. तेव्हा आता स्पष्ट लिहिते. चार वर्षांपूर्वी कोंडखाडीच्या सरपंचपदाला तू उभा राहिलास आणि माझा नवरा हाशिरही उभा राहिला. तो तेव्हा इथला राहण्याचा परवाना, इकामा, रद्द करून, "आता परदेश खलास" म्हणत गावी येऊन बसला होता. मी इथे वॉर्डात ड्युटी करत होते. दोघेही मला रोज फोन करून एकमेकांच्या चुगल्या सांगत होतात. मी दोघांनाही सांगितलं होतं, एकाने मागे सरा. तुम्ही दोघेही म्हणालात, "बरोबर आहे आपलं, त्याला सांग."

मग मोहल्ला दुभंगला आणि निवडून कोण आलं? बर्फाच्या कारखान्याचा कमलाकर. त्याने प्रचारसुद्धा केला नव्हता. मतदानाच्या दिवशी तो भाचीच्या लग्नाला सोलापुरात होता. परत आला तर एसटी स्टँडवर हार घेऊन माणसं उभी!

यावर मी पुष्कळ हसले असते. पण शेवटच्या सभेत तू माइकवर जे बोललास, त्यावर मला हसता आलं नाही. "बायकोच्या पगारावर ज्याचं घर चालतं, तो गाव काय चालवणार?" टाळ्या पडल्या म्हणे. तू तीर हाशिरवर सोडलास, तौकीर. लागला कुणाला, याचा विचार कर.

असो. हाशिर पुन्हा नवा व्हिसा घेऊन इकडे आला, आता एका गोदामात सुपरवायझर आहे, बरं चाललंय. तुम्ही आमच्याकडे उतरावं याला त्याची काही हरकत नाही. मी विचारलंय.

अम्माला आमसुलं आणायला सांग. इथे मिळतात ती चामड्यासारखी असतात.

आमिना


जेद्दा, २ नोव्हेंबर

तौकीर,

तू पत्र फाडलं नाहीस, हे नूरैनने सांगितलं. उत्तर मात्र अम्माच्या तोंडून पाठवलंस, "हॉटेल बुक झालंय." बरं. मीही अम्माचीच लेक आहे, दुसरं पत्र धाडतेय.

आधी एक दुरुस्ती. हाशिरची हरकत नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं. मी त्याला विचारलंच नव्हतं. तुझं नाव निघालं की तो एसीचा रिमोट शोधायला लागतो. पंधरा वर्षांची अदिबा विचारते, "मम्मी, मामू अपने घर क्यों नहीं आ सकते? इज इट अ क्राइम?" मी म्हणते, अभ्यास कर.

आता खरी गोष्ट. आमच्या हॉस्पिटलात ओर्ला नावाची नर्सिंगची मुख्य बाई आहे. आयर्लंडमधल्या एका खेड्यातली. माझ्यासारखीच ती गेली वीसेक वर्षं इथे आहे आणि जानेवारीत कायमची घरी चाललीय. आमच्याकडे महिन्यातून एकदा कुणीतरी आपल्या गावाबद्दल बोलायचं, असा रिवाज आहे. केरळच्या मुलींनी होड्यांच्या शर्यती दाखवल्या, फिलिपिनो मुलींनी नाच केला. डिसेंबरची पाळी ओर्लाची. ती काय सांगणार? तर तिच्या गावाकडच्या मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास! ऐकूनच बाकीच्या नर्सा त्या दिवशीच्या ड्युट्या मागून घ्यायला लागल्या. तिने मला विचारलं, "आमिना, तालीम म्हणून तू ऐकशील का?" मी म्हटलं, "मॅडम, माझ्या माहेरी चूल पेटते तीच निवडणुकीवर. बोला."

तर ऐक. मतदारसंघाचं नाव पूर्व किलमोरा. आज तो नकाशावर नाही. आयर्लंड इंग्रजांच्या ताब्यात होतं तेव्हाची गोष्ट. खासदार निवडून लंडनला जायचा. सगळी खेडी, गायीगुरं, बटाटे, पाऊस आणि एक चर्च. सुरुवातीला दोनदा तिथे आयरिश पक्षाचा माणूस सहज निवडून आला. मग त्यांच्या मोठ्या नेत्याच्या एका खाजगी भानगडीवरून पक्ष फुटला. उभा फुटला. एक गट म्हणे आम्हीच खरे, दुसरा म्हणे आम्हीच खरे. मी ओर्लाला म्हटलं, "हे समजावून सांगायला नको. मी महाराष्ट्रातली आहे."

आणि १८९२च्या निवडणुकीत, तौकीर, एका गटाकडून उभा राहिला कॉन आणि दुसऱ्याकडून उभा राहिला बॅट. बॅट हे नाव आहे, हसू नकोस. हा बॅट कोण? कॉनच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. ती बहीण नोरा. ओर्ला ही कॉनची खापरपणती.

माझ्या हातातला चहा गार झाला.

दोघा मेहुण्यांनी एकमेकांच्या सभा उधळल्या. चर्चमध्ये डावीकडचे बाक एकाचे, उजवीकडचे दुसऱ्याचे. मतं फुटली आणि निवडून आला एक म्हातारा कर्नल, इंग्रजांच्या बाजूचा. तो वर्षातून एकदा मासे पकडायला यायचा, एवढाच त्याचा गावाशी संबंध. त्यांचा कमलाकर म्हण. पण आपल्या कमलाकरने निदान जेटीचा रस्ता तरी केला.

मी ओर्लाला विचारलं, "मग समेट कसा झाला?" ती म्हणाली, "पक्षाचा झाला, आठ वर्षांनी. पुढे तर निवडणुकाच होईनात, एकच अर्ज यायचा, बिनविरोध. मग नवा पक्ष आला, जुना वाहून गेला. मग देश स्वतंत्र झाला आणि १९२२ साली मतदारसंघच बाद झाला." मी म्हटलं, "पक्षाचं नाही विचारत. मेहुण्यांचं?"

ती हसली. म्हणाली, "त्यांचा कधीच नाही. माझ्या आजीच्या काळापर्यंत ते घर दिसलं की आमच्याकडची माणसं रस्त्याच्या पलीकडून चालायची. कशावरून भांडण, ते कुणाला आठवतही नव्हतं. मतदारसंघ मेला, आमिना. भांडणाला कुणी सांगितलंच नाही."

आणि नोरा? बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९१८ साली. नोरा तेव्हा सत्तरीची. ठेवणीतला कोट काढून, ब्रश करून खुंटीला लावला तिने. पण त्या वर्षी पूर्व किलमोरात अर्ज एकच आला. मतदान झालंच नाही. पुढच्या निवडणुकीआधी ती वारली. भाऊ आणि नवरा ज्या जागेसाठी आयुष्यभर बोलले नाहीत, तिथे तिला एकदाही कुणी विचारलं नाही की बाई, तुझं मत काय?

मी घरी आले आणि त्या दिवशी आमटीत मीठ घालायला विसरले.

मी नोरा व्हायला तयार नाही, तौकीर. विचार कर.

आपा


जेद्दा, २६ नोव्हेंबर

तौकीर,

बातमी कळली. कोंडखाडीची ग्रामपंचायत बंद, गाव तालुक्याच्या नगरपंचायतीत सामील. आता सरपंचपदच नाही! हाशिरने मला मोबाइलवर दाखवलं. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "ज्या खुर्चीवरून आम्ही डोकी फोडली, ती सरकारने भंगारात काढली."

तो हसतोय हे बघून मी धीर करून सगळं सांगितलं. पत्रं, हॉटेल, ओर्ला, कॉन, बॅट, सगळं. या वेळी त्याने रिमोट शोधला नाही मात्र. एवढंच म्हणाला, "तो बॅट माघार का नाही घेत?" मी म्हटलं, "त्याला मरून शंभर वर्षं झाली." तर म्हणाला, "तरी पण."

ओर्लाचा कार्यक्रम १२ डिसेंबरला आहे, शुक्रवारी दुपारी. तुम्ही त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मदिनेहून मोकळे होता, मी अम्माकडून तारखा काढून घेतल्या आहेत. विमान शनिवारी. अम्माला ओर्लाला भेटायचंय, "माझ्या लेकीची मड्डम" म्हणून. तू तिला एकटीला टॅक्सीत बसवणार आहेस का? नाही ना? मग ये.

जेवायला नाजिल मासा आणणार आहे. मासळीबाजारातला सगळ्यात ताजा. हाशिर स्वतः जाणार म्हणतोय.

आपा


जेद्दा, १९ डिसेंबर

झेबा,

यावेळी पत्र तुला. तुझा नवरा घरी पोहोचला तेव्हा "सगळं छान झालं" एवढं सांगून आंघोळीला गेला असेल. तो सांगणार नाही, म्हणून मी सांगते. शिवाय शेवटी तुला एक विचारायचं आहे, आणि ते फोनवर विचारलं तर तो मागे उभा असणार.

शुक्रवारी अम्मा आणि तौकीर हॉस्पिटलच्या हॉलमध्ये आले. अम्माने पांढरीशुभ्र ओढणी घेतली होती, चेहरा असा उजळला होता की काय सांगू. ओर्लाला बघताच तिने तिचे दोन्ही हात धरले आणि मराठीत सगळी विचारपूस केली. ओर्लाने इंग्रजीत उत्तरं दिली. दोघींचं काही अडलं नाही.

तौकीर शेवटच्या रांगेत दाराजवळ बसला. हाशिर पहिल्या रांगेत. सलामसुद्धा झाला नाही. मी मधल्या रांगेत अम्माजवळ. अदिबा माझ्या कानात म्हणाली, "मम्मी, दिस इज सो ऑकवर्ड."

ओर्ला बोलायला लागली. मी अम्माला हळू आवाजात मराठी करून सांगत होते, पण हळू म्हणजे आपल्या घरचं हळू. मागे तौकीरला सगळं ऐकू जात होतं. पक्ष फुटला तेव्हा तो खुर्चीत सरसावून बसला. मेहुण्यांचे अर्ज भरले गेले तेव्हा खुर्ची करकरली. आणि ओर्लाने पडद्यावर निकाल दाखवला, कर्नल विजयी, तेव्हा मागून मोठ्याने आवाज आला, "अरे, मतं फुटली ना!"

अख्खा हॉल मागे वळला. पहिल्या रांगेतून हाशिर, मागे न बघता, मराठीतच म्हणाला, "बॅटने माघार घ्यायला हवी होती."

तौकीर म्हणाला, "बॅटने कशाला? कॉनने घ्यायची."

"कॉन तिथलाच होता. लोकांची कामं तो करायचा. बॅटला कोण ओळखत होतं? नुसता हट्ट."

"ते काही नाही. बॅट हा पाहुणा माणूस. बहिणीचा नवरा. त्याचा मान ठेवायला नको? कॉनला एवढी अक्कल नको?"

"मानाचं काय घेऊन बसलास? मतं कुणाला जास्त होती?"

"जास्त असून उपयोग काय झाला? आला तो कर्नलच!"

झेबा, दोघे उभे राहिले होते. हॉलमध्ये इजिप्तचे डॉक्टर, फिलिपिनो, केरळच्या मुली, सगळे टेनिसचा सामना बघावा तसे माना फिरवत होते. ओर्ला आनंदाने लाल झालेली. "आमिना, काय म्हणतायत ते? भांडतायत का?" मी म्हटलं, "हो. हा माझा भाऊ, तो म्हणतोय चूक तुमच्या पणजोबांच्या बापाची. आणि हा माझा नवरा, तो म्हणतोय चूक बॅटची." ती म्हणाली, "भाऊ भावालाच दोष देतोय आणि नवरा नवऱ्याला, मग भांडतायत कशाबद्दल?"

आणि अम्माने, माझ्या अम्माने, भर हॉलमध्ये विचारलं, "हे त्या गोऱ्यांचं बोलतायत की आपलं?"

दोघेही एकदम खाली बसले. ज्यांना मराठी येत होतं ते आम्ही पाचच जण, पण हसायला सगळा हॉल लागला. तौकीरने तोंडावर रुमाल धरला. तो हसत नव्हता, हे मला बसल्या जागेवरून दिसलं.

कार्यक्रमानंतर मी त्यांना माझा वॉर्ड दाखवायला नेलं. अम्माची इच्छा. तिथे माझ्या हाताखालच्या मुली अम्माच्या भोवती जमल्या. एका म्हाताऱ्या सौदी पेशंटने तौकीरला विचारलं, तू सिस्टर आमिनाचा भाऊ का? आणि मग अरबीत बरंच काही बोलला, छातीवर हात ठेवून. तौकीरने मला विचारलं, "काय म्हणतोय?" मी म्हटलं, "दुवा देतोय." हाशिरने मात्र पुरतं भाषांतर केलं, "म्हणतोय, हिच्या हातांमुळे मी चालतोय, तू नशीबवान."

बाहेर पॅसेजमध्ये तौकीर थांबला. मला वाटलं, आता हा हॉटेलचं काढणार. तो म्हणाला, "आपा, माइकवर मी तुझ्या पगाराचं बोललो. दुल्हाभाईंना खाली दाखवायला गेलो आणि तुझ्या कष्टाची थट्टा केली. चार वर्षं मला ते माहीत होतं. म्हणूनच फोन ब्लॉक केला. तू रागावली असतीस तर बरं होतं, पण तू रडली असतीस तर मला सहन झालं नसतं."

मी रडले नाही, झेबा. ड्युटीच्या मुली बघत होत्या. मी त्याच्या पाठीत एक धपका घातला, लहानपणी घालायचे तसा. हाशिर गाडीची चावी बोटावर फिरवत म्हणाला, "यल्ला, चला, नाजिल गार होईल." तौकीर त्याच्याकडे वळला. "दुल्हाभाई, माफ करा." हाशिर म्हणाला, "मीही काही कमी बोललो नाही. तुझ्या माघारी बोललो, म्हणून तू ऐकलं नाहीस. चल, भूक लागलीय."

घरी आल्यावर काय विचारतेस! ताटं उचलेपर्यंत दोघांनी पूर्व किलमोराची निवडणूक नव्याने लढवली. चमचा म्हणजे चर्च, लिंबाची फोड म्हणजे कर्नल. एकत्र लढले असते तर कसे निवडून आले असते, कुठल्या गावात कुणाला बसवायला हवं होतं, सगळं ठरलं. अम्मा सोफ्यावर झोपून गेली. तौकीरने हॉटेलला फोन करून खोली सोडली. अदिबाने मामूला स्वतःची खोली दिली आणि सकाळी तक्रार केली, "मामू स्नोर्स लाइक अ जनरेटर."

इथवर सगळं गोड. आता मुद्दा.

शनिवारी सकाळी, चहा घेताना, तौकीरने फोनवर बघितलं की नव्या नगरपंचायतीच्या प्रभागांची सोडत निघाली. आपला प्रभाग महिला राखीव. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकाच दमात म्हणाले, "झेबा!" विमानतळावर पोहोचेपर्यंत तुझं पॅनल, तुझं भाषण, तुझ्या फोटोतल्या ओढणीचा रंग, सगळं ठरलं होतं. हाशिर वरच्या मोहल्ल्याशी बोलणार, तौकीर खालच्या. कमलाकरने कुणाला उभं करू नये म्हणून त्यालाही गळ घालणार, म्हणजे निवडणूक बिनविरोध. दोघे इतके खूश होते की मला त्यांचं कौतुकही वाटलं आणि त्यांची डोकी एकमेकांवर आपटावीत असंही वाटलं.

कारण झेबा, तुला कुणी विचारलं का?

वरच्या मोहल्ल्याला नळ आणण्यासाठी पंचायत समितीत दोन वर्षं खेटे कुणी घातले, ते मला माहीत आहे. बचत गटाच्या बायका तुझा शब्द कसा झेलतात तेही. तू उभी राहिलीस तर शोभशील. पण ते तुझ्या मनात असेल तर. नसेल तर मला एक ओळ पाठव. या दोघांना मी बघून घेते, तुझं नावही मध्ये येणार नाही.

आणि मनात असेल, तरी मला सांग. आधी मला. त्यांना नंतर.

तुझी
आमिना आपा


जेद्दा, ८ जानेवारी

तौकीर,

आता तू मला अनब्लॉक केलंस, दिवसातून सहा वेळा फोन करतोस, तरी हे लिहून पाठवतेय. फोनवर तू मध्ये बोलतोस.

झेबाचं उत्तर आलं. एका कागदावर, तिच्या त्या टपोऱ्या अक्षरात. ती उभी राहतेय. पण तुमच्या पॅनलमधून नाही. बचत गटाच्या बायकांची वेगळी बैठक तिने तुम्ही उमऱ्याला असतानाच घेतली होती. तुम्ही दोघे इथे चमचे मांडत होतात तेव्हा तिकडे तिचा जाहीरनामा तयार होता. त्यात पहिलं कलम बंदरावरच्या बायकांच्या मासळी-ओट्याला छप्पर, दुसरं मुलींच्या शाळेची बस. सरपंच, चेअरमन, मानपान, असला एकही शब्द नाही.

कमलाकरला गळ घालू नकोस. झेबाने त्याच्या बायकोला, सरूबाईंना, स्वतः जाऊन सांगितलंय की तुम्हीही अर्ज भरा, मजा येईल. सरूबाई भरतायत. त्या बर्फाच्या कारखान्यात वीस माणसांना धाकात ठेवतात, तेव्हा लढत सोपी नाही. झेबा म्हणते, "हरले तर हरले, आपा. पण लोकांनी रांगेत उभं राहून ठरवू दे." हे ऐकून हाशिर म्हणाला, "हीच खरी उमेदवार. आपण दोघे उगाच उभे राहिलो."

ओर्ला परवा गेली. झेबाची बातमी सांगितली तेव्हा विमानतळाच्या दारात, सगळ्यांसमोर, टाळ्या वाजवायला लागली. जाताना म्हणाली, "मी घरी गेल्यावर आधी त्या दुसऱ्या घरी जाणार आहे, बॅटच्या पणतवंडांकडे. केक घेऊन. दार उघडलं नाही तर पायरीवर बसून मीच खाईन." काल तिचा फोटो आला. एका स्वयंपाकघरात टेबलाभोवती सात-आठ माणसं, सगळ्यांची नाकं एकसारखी, आणि मध्ये रिकामी ताटली.

मी महिन्याची रजा टाकली आहे. प्रचाराला येतेय. झेबाने तुमची कामं वाटून ठेवली आहेत, तेवढी सांगते. हाशिर सुट्टी घेऊन माझ्याबरोबर येतोय, तो रिक्षावर भोंगा लावून फिरेल, पण बोलायचं नाही, रेकॉर्ड केलेलं वाजवायचं. तू घरी. संध्याकाळी प्रचाराहून वीसेक बायका परत येतील, त्यांच्यासाठी भात आणि कालवण. दोन मोठी पातेली सरूबाईंकडून मागून आण. त्या विरोधात असल्या तरी देतील, मी फोन करून विचारलंय.

तांदूळ आधी भिजत घाल.

आपा